पाचाचे गट: ठाण्याच्या नौपाड्यातल्या एनिग्मा-मोर्स प्रकल्पाच्या नोंदी

रविवार, ९ जून २०२४

ठरलं एकदाचं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वापरलेल्या एनिग्मा यंत्राने कूट केलेला, म्हणजे गुप्त अक्षरांत बदललेला मराठी मजकूर मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांत पाठवायचा, दुसऱ्या टोकाला कागदावर उतरवून घ्यायचा आणि उलगडून वाचायचा. यंत्र खरं नाही, संगणकावरचं. मोर्स मात्र खरं, हाताने की (तारेची कळ) दाबून. पाठवणारी मी. घेणारा नेरुळकर. (आडनाव वेगळंच आहे. हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला भेटलो तेव्हापासून मी त्याला नेरुळकर म्हणते.) प्रोग्राम भाची लिहिणार. शाळा उघडायला आठवडा आहे आणि सुट्टीत शिकलेलं पायथन तिला कुठेतरी खर्ची घालायचंय.

हे खूळ डोक्यात शिरलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या लोकांमुळे. १९३९ मध्ये त्यांचे ट्रान्समीटर सरकारने काढून घेतले आणि नंतर त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांना घरी बसून फक्त ऐकायचं काम दिलं. रात्र रात्र हेडफोन लावून ते पाच-पाच अक्षरांचे अर्थहीन गट उतरवायचे आणि कागद ‘बॉक्स २५, बार्नेट’ या पत्त्यावर पोस्टाने धाडायचे. आपण काय लिहितोय हे त्यांना कधीच कळत नसे. सकाळी उठून पुन्हा नोकरीवर. यंत्रावर आणि ते फोडणाऱ्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला या उतरवून घेणाऱ्यांचं काम करून बघायचंय.

रोमन अक्षरं वहीत मराठीतच लिहिणार आहे. ‘बी’, ‘डी’, ‘झेड’. भाचीला हे विनोदी वाटतं.

शनिवार, १५ जून

यंत्र चाललं. म्हणजे चाललं असं दोनदा वाटलं, तिसऱ्यांदा खरंच चाललं.

जर्मन लष्कराचं एनिग्मा वन घेतलंय. पाच रोटरांपैकी (आत तारा गुंतवलेली फिरती चाकं) कुठलेही तीन, वीज परत फिरवणारा रिफ्लेक्टर बी, पुढे प्लगबोर्डवर अदलाबदल केलेल्या अक्षरांच्या दहा जोड्या. की दाबली की वीज प्लगबोर्डमधून उजव्या, मधल्या, डाव्या रोटरमधून जाते, रिफ्लेक्टरवर आपटून दुसऱ्या वाटेने परत येते आणि एक दिवा लागतो. वाट जाऊन-येऊन असल्यामुळे ज्या मांडणीवर कूट केलं त्याच मांडणीवर उलगडतं. आणि त्याच रिफ्लेक्टरमुळे कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नाही. ‘ए’ दाबला तर ‘ए’चा दिवा लागणं शक्यच नाही. आम्हाला ही फुकटात मिळालेली तपासणी: मूळ मजकुराखाली कूट मजकूर मांडला आणि वरखाली तेच अक्षर दिसलं, की प्रोग्राम चुकलाय.

चाचणी नेहमीचीच घेतली. रोटर एक, दोन, तीन, रिंगा (रोटरांवरच्या अक्षरांच्या कड्या) तिन्ही ‘ए’वर, रोटरांची जागा दाखवणाऱ्या खिडकीत ‘ए ए ए’, प्लग एकही नाही. पाच वेळा ‘ए’ दाबला की ‘बी डी झेड जी ओ’ यायला हवं. आलं. भाचीने टाळ्या पिटल्या. मी म्हटलं, पाच अक्षरांत मधला रोटर हललासुद्धा नाही, थांब.

तिथेच पाणी मुरत होतं. तिने रोटर रिक्षाच्या मीटरसारखे फिरवले होते: उजवा ठरल्या जागी आला की मधला एक घर पुढे, तो ठरल्या जागी आला की डावा. खऱ्या यंत्रात खाच आणि दांडी अशी बसवलीय की मधला रोटर आपल्या खाचेवर आला, की पुढच्याच कीला डाव्याला ढकलताना स्वतःही एक घर सरकतो. खिडकीत ‘ए डी यू’, मग ‘ए डी व्ही’, मग ‘ए ई डब्ल्यू’ आणि त्यानंतर ‘बी एफ एक्स’ यायला हवं. तिच्या यंत्रात ‘ए ई एक्स’ आलं. या दुहेरी पावलामुळे मांडणी पुन्हा पहिल्या जागी यायला २६ × २६ × २६ नाही, २६ × २५ × २६ म्हणजे १६,९०० कळा लागतात. तिला आधी हे यंत्राचं व्यंग वाटलं. व्यंगच आहे, पण समोरच्याच्या यंत्रात असेल तर आपल्यातही पाहिजे.

एका शनिवारात यंत्र झालं. आता उरलं काय, तर मजकूर नीट मांडायचा. नेरुळकर फोनवर म्हणाला, “मग झालंच की.”

रविवार, २३ जून

झालं नाही. नियम वाचले.

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत कलम २५.२ए आहे: वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्याच्या हेतूने संदेश कूट करू नयेत. सूट आहे ती फक्त उपग्रहांना दिल्या जाणाऱ्या नियंत्रण संकेतांना. आपल्याकडच्या १९७८ च्या हौशी सेवा नियमांचा सूरही साध्या भाषेत बोला असाच. नेरुळकरचं म्हणणं, “किल्ली, म्हणजे यंत्राची मांडणी, संदेशातच उघड दिली तर लपवलं कुठे?” वाद घालायला मुद्दा चांगला आहे. पण कुणी मधूनच ऐकलं तर त्याला पाच-पाच अक्षरांचे गटच ऐकू येणार, आणि समुद्रकिनाऱ्याच्या शहरात असे गट हवेत सोडून वर खुलासे देत बसायची मला हौस नाही.

तेव्हा निर्णय: कूट मजकूर हवेत जाणार नाही. तारेवर जाईल. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली पहिल्या मजल्यावर तारमास्तर काका. मधल्या डक्टमधून घंटीची दुपदरी वायर टाकली. सोसायटीच्या सेक्रेटरींना ‘इंटरकॉम’ सांगितलं, जे अगदीच खोटं नाही. नेरुळकरसाठी टोन रेकॉर्ड करून फाइल पाठवायची. रेडिओवर फक्त साध्या मराठीतल्या गप्पा.

किल्ली उघड देण्याची कल्पना मात्र ठेवली. कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच टांगायची. हे मान्य केल्यावर एक गोष्ट सुटसुटीत झाली, ती लिहून ठेवते.

जर्मन लष्कराच्या संदेशाच्या डोक्यावर असं असे: कोणाला, कोणाकडून, वेळ, किती अक्षरं, तीन-तीन अक्षरांचे दोन गट. मग मजकूर पाचाच्या गटांत, एका संदेशात फार तर २५० अक्षरं. ते दोन छोटे गट म्हणजे संदेशाची किल्ली. पाठवणाऱ्याने मनाने एक जागा निवडायची, रोटर तिथे ठेवून खरी सुरुवातीची जागा टाइप करायची आणि जे उमटेल ते पाठवायचं. १ मे १९४० पर्यंत ही खरी जागा दोनदा टाइप करायची पद्धत होती, कारण उघड आहे: एखादं अक्षर खरखरीत गेलं तर दुसऱ्यातून सापडावं. याच दोनदा लिहिण्यामुळे पहिलं आणि चौथं, दुसरं आणि पाचवं, तिसरं आणि सहावं अक्षर एकमेकांशी बांधलं गेलं आणि त्या बांधणीला धरून मारियन रेयेव्हस्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ च्या डिसेंबरातच आत शिरायची वाट काढली.

म्हणजे घेणाऱ्याची सोय म्हणून जे दोनदा सांगितलं, तेच चोराच्या हाती पडलं. आम्हाला चोराची भीतीच नाही. तेव्हा आम्ही हवं ते हवं तितक्यांदा सांगू शकतो. डोक्यावरचं सगळं दोनदा पाठवायचं ठरलं.

रविवार, ७ जुलै

दिवसभर पाऊस. मराठी सव्वीस अक्षरांत कोंबायचा खटाटोप.

संगणकावर मराठी रोमनमध्ये लिहायच्या ज्या पद्धती आहेत त्यांत मोठ्या आणि लहान लिपीतला फरक वापरतात, ‘त’ला लहान टी आणि ‘ट’ला मोठा. एनिग्माला मोठं-लहान कळत नाही, मोर्सलाही नाही. तेव्हा त, ट दोन्ही ‘टी’. द, ड ‘डी’. न, ण ‘एन’. दीर्घ-ह्रस्व गेले. भाचीच्या मराठीच्या बाईंना दाखवू नये असा हा सगळा प्रकार. पण वाचता येतं. ‘च’ला नुसता ‘सी’, ‘छ’ला ‘सी एच’. ‘ळ’ला काय? ‘एल’ दिला तर ‘काळ’ आणि ‘काल’ एक होतात आणि भेटायची वेळ ठरवताना ते परवडत नाही. जर्मनांनी ‘सी एच’ या जोडीऐवजी ‘क्यू’ वापरला होता. मराठीत ‘क्यू’ रिकामाच बसलाय, तोच ‘ळ’ला दिला. ‘सकाळी’ म्हणजे ‘एस ए के ए क्यू आय’. पूर्णविरामाला ‘एक्स’, तोही जर्मनांसारखा.

आकडे. एनिग्मावर आकड्यांच्या कळाच नाहीत, अक्षरांत लिहावे लागतात. जर्मन लोक ‘झ्वाय’ (दोन) ऐवजी ‘झ्वो’ लिहायचे, ‘द्राय’शी (तीन) गोंधळ नको म्हणून. आमची अडचण याहून मोठी: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. अर्धा शब्द सारखा आणि फरक पुढे कुठेतरी. शिवाय चौपन्न-चौऱ्याऐंशी माझ्या भाचीला तोंडीसुद्धा धड येत नाहीत, तिच्या पिढीचं सगळं ‘फिफ्टी फोर’. म्हणून एकेक आकडा सुटा: एकोणीस म्हणजे ‘एक नऊ’. नेरुळकर म्हणाला, ओटीपी सांगताना आपण हेच करतो.

शनिवार, २० जुलै

पहिली खरी फेरी. फजिती.

१६८ अक्षरं, ३४ गट, शेवटचा गट तीन अक्षरांचा. मी की वर हाताने पाठवलं, फोनवर थेट. पहिल्या मिनिटातच नेरुळकरने थांबवलं: त्याला टोन ऐकूच येत नव्हता, फक्त माझा पंखा आणि मधूनमधून चुकचुक. फोनचं खरखर कापणारं सॉफ्टवेअर एकसारख्या सुराला खरखर समजतं आणि गिळून टाकतं. मग रेकॉर्ड करून ध्वनिफाइल दस्तऐवज म्हणून पाठवली.

अर्ध्या तासाने त्याचा फोन. पहिली बावन्न अक्षरं स्वच्छ मराठी. त्रेपन्नपासून पुढे शेवटपर्यंत भुसा.

आधी रोटरवर शंका घेतली, दुहेरी पाऊल पुन्हा तपासलं. ठीक. मग त्याला म्हटलं, कागदाचा फोटो पाठव. कागदावर अकरावा गट चारच अक्षरांचा होता. स्पष्ट, त्याच्याच हस्ताक्षरात, पाचव्याची जागा मोकळी.

आता खरी गंमत. भाचीचा प्रोग्राम मजकूर घेताना ‘साफ’ करत होता: मधल्या सगळ्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या आणि आपण पुन्हा पाच-पाचचे गट पाडायचे. दिसायला छान. पण त्याने अकराव्या गटातली मोकळी जागा बाराव्या गटाच्या पहिल्या अक्षराने भरली, बाराव्याची तेराव्याने, आणि पडद्यावर सगळे गट नीटनेटके पाचाचे दिसत राहिले. रोटर मात्र दर अक्षराला एक पाऊल पुढे जातो. एक अक्षर चुकीचं आलं तर तेवढंच बिघडतं, पुढचं शाबूत राहतं. एक अक्षर गळलं, तर पुढचं प्रत्येक अक्षर एक पाऊल चुकीच्या मांडणीवर उलगडतं.

गट पाचाचे का असतात याचं उत्तर मला आज मिळालं. गट हे कूटाचे नव्हेतच, यंत्राला त्यांची काही गरज नाही. ते घेणाऱ्याच्या हाताचे आहेत. बोटं न मोजता नजरेला पाच कळतात, आणि काय गळलं ते कुठे गळलं हे त्या गटापुरतं अडवून धरतात. आमच्या प्रोग्रामने नेमकी तीच भिंत पाडली होती.

भाचीने रात्रीच दुरुस्त केलं. गट आले तसेच ठेवायचे. चार अक्षरांचा गट आला तर मोकळी जागा पाचांपैकी कुठेही असू शकते, पाचही ठिकाणी ठेवून बघायचं. तिथे यंत्र एक पाऊल पुढे जाईल पण काही छापणार नाही. सहा आली तर एकेक वगळून सहा वेळा. अकराव्या गटाच्या तिसऱ्या प्रयत्नाला आलं: ‘ए व्ही’, मोकळी जागा, ‘ए क्यू’. आजूबाजूला ‘टी ए एल’ आणि ‘आय’. तलावपाळी. ‘पी’ डोळ्यांनी आपोआप भरला.

गळालेलं कूट अक्षर माझ्या कागदावर बघितलं: ‘ई’. मोर्समध्ये एकच टिंब. नेरुळकरला म्हटलं, कान तपासून घे.

रविवार, २१ जुलै

गुरुपौर्णिमा. काकांकडे पेढे घेऊन गेले आणि कालचा कागद दाखवला. तारघरात त्यांची सगळी नोकरी गेली. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, त्याच्या आधीच ते निवृत्त झालेले.

कागद बघून म्हणाले, “अगं, डोक्यावर शब्दसंख्या कुठाय?” मी म्हटलं, घातली नाही, प्रोग्राम मोजतो. “प्रोग्राम काय मोजतो? आलेलं मोजतो. पाठवलेलं कोण मोजणार?”

तारेच्या डोक्यावर क्रमांक, कुठून निघाली, किती शब्द, तारीख, वेळ. घेणाऱ्याने आपले शब्द मोजायचे, आकडा जुळला तरच पोच द्यायची. आकडे असलेली तार असली तर ते शेवटी पुन्हा पाठवायचे. शुभेच्छांच्या तारांना तर ठरलेले क्रमांकच होते, लग्नाचा अमुक, सणाचा अमुक; नंबर पाठवायचा आणि तिकडे पूर्ण वाक्य उतरायचं. “आणि ही असली गुप्त भाषेतली तार आली की पाच अक्षरांचा एक शब्द धरायचा. पैसे त्यावर.”

रेडिओवाल्यांच्या क्यू संकेतांत (‘क्यू’ने सुरू होणारे तीन-तीन अक्षरांचे संकेत) यासाठी एक नेमका संकेत आहे, मी परीक्षेपुरता पाठ करून विसरले होते: क्यूटीबी. तुमची शब्दसंख्या माझ्याशी जुळत नाही, प्रत्येक शब्दाचं किंवा गटाचं पहिलं अक्षर पुन्हा पाठवतो. ३४ गटांसाठी फक्त ३४ अक्षरं. आख्खा गट गळला असेल तर कुठे गळला ते लगेच दिसतं, सगळा संदेश पुन्हा मागावा लागत नाही. तारयंत्रांच्या काळातल्या लोकांनी किती विचार करून ठेवलाय.

काकांना टोन आवडत नाही. त्यांच्या हाताखाली साउंडर होता, टोनऐवजी ठोके वाजवणारं तारयंत्र, कट्-कडचा. त्यांच्या टोकाला एक जुना रिले लावून द्यायचं कबूल केलं.

डोक्याची नवी रचना, दोनदा पाठवायची:

एनआर डीई टीएच (नेरुळला, ठाण्याकडून) = रोटर एक दोन तीन = रिंग ए ए ए = वेळ १०१५ = अक्षरं १६८ = गट ३४ = सुरुवातीची जागा

प्लगच्या जोड्या सध्या नाहीत. दहा जोड्या उघड सांगायच्या तर डोकंच धडाहून मोठं होतं.

शनिवार, ३ ऑगस्ट

वेगाचं गणित. नेरुळकरची तक्रार की मी पंधरा शब्दांच्या वेगाने पाठवते म्हणते पण मिनिटाला साडेबाराच गट येतात. तो बरोबर आणि मीही बरोबर.

मोर्सचा वेग ‘पॅरिस’ या इंग्रजी स्पेलिंगवर मोजतात: टिंब एक मात्रा, रेघ तीन, मधल्या जागा धरून ५० मात्रा. चालू भाषेला ते ठीक, कारण मोर्समध्ये जास्त वापराची अक्षरं मुद्दाम छोटी ठेवलीत. कूट मजकुरात ‘ई’ आणि ‘जे’ सारख्याच वेळा येतात. म्हणून अशा गटांसाठी ‘कोडेक्स’ हा शब्द धरतात, ६० मात्रांचा. भाचीला हे पटेना. तिने सव्वीसही अक्षरांच्या मात्रा मांडल्या: बेरीज २१४, सरासरी ८.२३. पाच अक्षरं, चार मधल्या जागा तीन-तीनच्या, शेवटी सात. ६०.१५. ती जरा गप्पच झाली. नंतर म्हणाली, “मावशी, हे कुणीतरी आधी मोजलं असणार.”

त्यातून एक पोटप्रश्न. ‘ळ’ला दिलेला ‘क्यू’ १३ मात्रांचा, सगळ्यात लांबांपैकी. ‘डब्ल्यू’ नऊचा आणि तोही आमच्याकडे रिकामा, कारण ‘व’ला ‘व्ही’. कूट झाल्यावर अर्थात काही फरक पडत नाही, पण रेडिओवर साध्या मराठीत बोलताना पडतो. ‘ळ’ डब्ल्यूकडे गेला. मोकळा झालेला ‘क्यू’ नावांना कुंपण म्हणून: क्यू, नाव, क्यू, आणि नाव दोनदा.

वेगापेक्षा दमणूक मोठी आहे, हे मात्रांत येत नाही. साध्या मराठीत ‘एस ए के ए’ ऐकलं की हात पुढचं आपणच लिहितो. कूटात कानाला पुढचं काहीच सुचत नाही. वीस गटांनंतर ‘एच’ आणि ‘एस’मधलं एक टिंब मोजायची ताकद संपते. बार्नेटला कागद धाडणारे रात्रभर बसायचे.

गुरुवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन आटपून नेरुळला. ट्रान्स-हार्बर गाडी रिकामी होती, ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंत हेडफोन लावून २० गट उतरवले. समोरच्या आजी वहीत डोकावून म्हणाल्या, “नामजप लिहिताय का?” हो म्हटलं.

आज खरखरीची चाचणी. नेरुळकरने त्याच्या गच्चीवरून सात मेगाहर्ट्झचा पट्टा रात्री रेकॉर्ड केला होता: दूरच्या विजांचे कडाके, लिफ्टची मोटर, कुठल्यातरी एलईडी दिव्याची सततची गुणगुण. संगणकाने तयार केलेला टोन त्यात मिसळला, थोडा, मग जास्त. चुका लिहून ठेवल्या. विजेच्या कडाक्यात काहीही जातं: ‘आय’, ‘एस’, ‘टी’, कधी ‘एन’चा ‘टी’, कधी ‘बी’चा ‘डी’. दोन ठिकाणी कडाका टिंबासारखा वाजला आणि गट सहाचा झाला. चुकीची अक्षरं पुष्कळ, पण मजकूर वाचता आला.

जेवताना त्याला इतिहासकार राल्फ एर्स्काइन यांनी प्रसिद्ध केलेल्या संदेशांची गोष्ट सांगितली. १९४२ मध्ये पकडलेले जर्मन पाणबुड्यांचे तीन न फुटलेले संदेश त्यांनी १९९५ मध्ये छापले. त्यातला एक २००६ च्या फेब्रुवारीत श्टेफान क्राह यांच्या प्रोग्रामने, लोकांच्या घरच्या संगणकांवर काम वाटून, फोडला. नौदलाचे गट चाराचे असत, यंत्र चार रोटरांचं. मजकुरात कमांडरचं नाव ‘जे’च्या कुंपणात आहे आणि ‘आइन्स’च्या जागी ‘क्यू एन एन एस’ आलंय. दोन अक्षरं चुकली आणि चौसष्ट वर्षांनीही वाचणाऱ्याला कळतं की तिथे ‘एक’ आहे. तेच अक्षर गळलं असतं तर?

आणि २००७ ची स्पर्धा. जर्मनीतल्या पाडरबोर्नहून लॉरेंत्स या दुसऱ्या जर्मन यंत्राने कूट केलेले संदेश हौशी रेडिओवरून पाठवले. ब्लेचली पार्कला, म्हणजे युद्धात ब्रिटिश जिथे कूट संदेश फोडायचे तिथे, पुन्हा उभारलेला कलोसस हा तेव्हाचा संगणक ते फोडणार होता. ब्लेचलीकडच्यांचा एक दिवस नुसता सिग्नल नीट ऐकू येण्यात गेला. तोवर बॉनच्या योआखिम श्यूट यांनी घरच्या संगणकावर काम उरकलं होतं. नेरुळकर म्हणाला, “ॲन्टेना.” त्याचं सगळ्याला हेच उत्तर असतं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

बदल म्हणून दुसरं कूटयंत्र, हागेलिनचं एम-२०९. अमेरिकी सैन्याचं, खिशात नाही पण मांडीवर मावणारं, विजेशिवाय चालणारं. सहा चाकं, २६, २५, २३, २१, १९, १७ दातांची. यांतल्या कुठल्याही दोहोंना सामाईक भाजक नाही, त्यामुळे पुन्हा पहिल्या जागी यायला १०,१४,०५,८५० पावलं. भाचीने गुणाकार करून खात्री केली.

मला आवडलं ते हे की मांडणीचा विचार यंत्रातच केलाय. कूट करताना ते कागदी फितीवर आपणच पाच-पाच अक्षरं छापून जागा सोडतं. अक्षरं मोजणारा काटा आहे, तेव्हा गळलेल्या जागी मागेपुढे जाता येतं. दोन शब्दांमधल्या जागेला ‘झेड’ टाइप करायचा आणि उलगडताना त्या जागी फितीवर कोरी जागा पडते. किल्लीचे दोन गट सुरुवातीला, आणि तेच दोन पुन्हा शेवटी. आमचं ‘डोकं दोनदा’ लागोपाठ होतं: वीज कडाडली तर दोन्ही एकदम जातील. एक वर, एक खाली हे शहाणपणाचं. उचललं.

रविवार, ८ सप्टेंबर

दीड दिवसाचा आमचा गणपती. विसर्जन कृत्रिम तलावात. ढोलपथक गल्लीतून जात असताना काकांना तारेवर दहा गट पाठवून बघितले. रिलेची कट्-कट् त्यांना ऐकू येईना, बोट ठेवून घेतली. दहापैकी नऊ बरोबर, एका गटात चार अक्षरं. गळालेलं: ‘ई’. ढोलाच्या नावावर टाकलं.

मोदक उरले नाहीत.

रविवार, २२ सप्टेंबर

ठरल्याप्रमाणे मोठी फेरी. भाचीने मजकूर लिहिला, मला न सांगता. ४१ गट, २०५ अक्षरं, शेवटचा गट पूर्ण. डोकं वर आणि खाली. मी हाताने पाठवलं, काकांनी जुन्या पद्धतीने कागदावर घेतलं, मोजलं आणि पोच द्यायला नकार दिला: २०३. क्यूटीबी मागितलं. मी ४१ पहिली अक्षरं पाठवली, सगळी जुळली, म्हणजे आख्खा गट गळलेला नाही. चौदावा आणि तिसावा गट चाराचे, त्यांनी आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. प्रोग्रामने दोन्ही जागा भरून काढल्या आणि भाचीचा मजकूर पूर्ण वाचता आला. शाळेच्या सहलीला पाठवाल का, असं विचारलं होतं, आईला नको सांगू एक्स.

मग काका म्हणाले, आता मी पाठवतो. त्यांनी भाचीला बसवून स्वतःचा मजकूर कूट करून घेतला, मला खोलीबाहेर काढलं, आणि माझ्याच की वर बसून माझ्या नातेवाइकांना शोभेल इतक्या सावकाश १२ गट पाठवले. खाली त्यांच्या खुर्चीत बसून मी उतरवले. साठापैकी साठ. उलगडलं:

तुझ्या कीची स्प्रिंग ढिली आहे एक्स टिंब खाते एक्स मी जरा दाबून धरतो म्हणून जातंय एक्स

वर येऊन वही मागे चाळली. २० जुलै: हाताने, गळलं ‘ई’. ८ सप्टेंबर: हाताने, ‘ई’. आजचे दोन्ही कागदावर ताडले: ‘ई’, ‘ई’. १५ ऑगस्टला टोन संगणकाचा होता, तेव्हा काय वाट्टेल ते गळलं, नुसता ‘ई’ नव्हे. नोंदींत सगळं होतं. २० जुलैची ध्वनिफाइल उघडून अकरावा गट मोठा करून बघितला. तिथे टिंब नाहीच. पाठवलंच गेलं नव्हतं.

स्प्रिंगचा स्क्रू अर्धा फेरा आवळला, टोकांमध्ये कोऱ्या कागदाची पट्टी घालून दोनदा ओढली, काळी निघाली. नेरुळकरला फोन करून त्याच्या कानांबद्दल जे बोलले होते ते मागे घेतलं. तो म्हणाला, “साध्या भाषेत बोल, लपवू नकोस.”